चुन्याचं गाव

मुलांनो, डोळे मिटा आणि एक उजाड माळ समोर आणा. झाड नाही, भिंत नाही. चष्मा लावलेला एक माणूस चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघा ओढतो आहे.

हे फक्रुद्दीन सर. गावं, शहरं कशी वसवावीत हे ते पुण्याच्या कॉलेजात शिकवत. साल एकाहत्तर. नदीवर धरण होत होतं, आणि काठावरचं एक गाव येत्या पावसाळ्यात पाण्याखाली जाणार होतं. त्याला सोनईकडच्या या माळावर जागा मिळाली होती. सर रविवारी एसटीने पदरखर्चाने येत. आज ते जमलेल्या गावकऱ्यांसमोर नवं गाव खऱ्या मापाने आखत होते.

"सर, कबड्डीचं मैदान आखताय व्हय?" म्हातारे सहादेव म्हणाले, आणि सगळे हसले. घर बुडालं तरी हितं यायचो न्हाई, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. नात चांगुणा त्यांच्याशेजारी उभी होती.

सरही हसले. मग रंगुबाईंना म्हणाले, "तुमचं दार कुठं ठेवू?"

"उगवतीला. पर जावंच्या दारासमोर नगं. रोज सकाळी तिचं त्वांड कोन बघनार?"

सरांनी पायाने रेघ पुसली आणि दुसरी ओढली. मग प्रत्येकालाच काही सुचू लागलं. सर पुसत होते, पुन्हा आखत होते. दुपारपर्यंत त्यांनी कागदावर काढून आणलेलं गाव पुरतं मोडलं होतं.

आणि मग एक नवल घडलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी लोक रेघा ओलांडेनासे झाले. गल्लीने वळसा घालून, दारासाठी सोडलेल्या जागेतूनच आत जाऊ लागले. गनीभाई रंगुबाईंच्या दाराबाहेर थांबले आणि म्हणाले, "वहिनी, येऊ का?"

चांगुणा पळत सरांकडे गेली. "आमचं घर कुटं हाय?"

"जागा ठेवलीय, बाळ. पण आजोबांना विचारल्याशिवाय त्यांचं घर मी कसं आखू?"

घरांच्या रांगेत तेवढीच जागा कोरी होती. चांगुणाने फक्कीची मूठ भरली. वाकड्यातिकड्या रेघांनी तिने घर काढलं, दाराची जागा सोडली आणि आत जाऊन बसली.

"चांगुणे, ऊठ. घरी चल," म्हणत सहादेव तिला न्यायला तरातरा आले. रेघेपाशी त्यांचा पाय उचलला गेला आणि तसाच थांबला. सहादेवांनी खाली पाहिलं. पाय मागे घेतला. मग भिंतीच्या कडेकडेने चालत ते दारापर्यंत गेले आणि बाहेर उभे राहिले.

"उघड की गं पोरी," ते हळूच म्हणाले.

चांगुणा उठली. तिने टाचा उंचावल्या, हात वर नेला आणि तिथे नसलेली कडी काढली.