रोशनीचे रविवार

भातात वाळू होती. पहिला घास तोंडात जाताच भगीरथने ताट बाजूला सारलं आणि थेट पोरीकडे पाहिलं.

"रोशनी, तू टाकलीस?"

बारा वर्षांची रोशनी भिंतीला टेकून बसली होती.

भगीरथ उठायच्या आत त्याची बायको हौसा मध्ये आली. "तिला कशाला बोलता? मीच तांदूळ नीट निवडले नाय."

"खोटं बोलते ती," रोशनी म्हणाली. "मीच टाकली."

हौसाने भात कोंबड्यांपुढे ओतला आणि नवं आधण ठेवलं.

किन्हवलीजवळच्या त्या पाड्यावर हौसा आली त्याला सहा महिने झाले होते. रोशनीची आई काविळीने गेली, त्याला दोन वर्षं. हौसाचंही हे दुसरंच घर. तिचा पहिला नवरा चार वर्षांपूर्वी सिद्धगडाच्या रानात झाडावरून पडून गेला होता, आणि सासरच्यांनी तेव्हाच तिचं सगळं काढून घेतलं होतं. भगीरथशी पाट लागला तेव्हा मोठ्या माणसांनी एकच गोष्ट ठरवून घेतली होती, मागचं काही इकडे आणायचं नाही. हौसा एक पत्र्याची पेटी तेवढी घेऊन आली होती.

रोशनी तिला सुखाने राहू देत नव्हती. वासराचं दावं सोडायची, धुतलेली लुगडी चिखलात टाकायची. हौसाने तिची वेणी घातली की दारातच उभी राहून ती सोडायची. शेजारच्या बायका म्हणत, एकदा दोन ठेवून दे, सरळ होईल.

"आय गेलीय तिची," हौसा म्हणायची. "राग कुणावर तरी काढायला नको?"

एकदा ओढ्यावर कपडे धुताना रोशनीने अचानक विचारलं, "तुला घर नव्हतं काय?"

"व्हतं की."

"मग सोडून आमच्यात कशाला आलीस?"

हौसाने हातातलं लुगडं पिळलं, झटकलं, पुन्हा पाण्यात बुडवून पुन्हा पिळलं.

लावणीच्या दिवसांत हौसा एकदा दुपारीच शेतावरून परतली. पेटीचं कुलूप तुटलेलं होतं. सामान जमिनीवर पसरलं होतं आणि रोशनी शिक्का, पत्ता आणि खाली अंगठा असलेला एक जुना कागद वाचत बसली होती. हौसाने तो हिसकावून घेतला. चिखलाने भरलेला हात पहिल्यांदाच पोरीवर उगारला गेला आणि तसाच वर राहिला.

"तुला वाचता येतं काय हे?" रोशनीने विचारलं.

"नाय."

"मग ठेवलंस कशाला?"

हौसाने हात खाली घेतला. कागदाची घडी घालून ती पाठमोरी बसली. तिचे खांदे हलत होते. रोशनी बाहेर निघून गेली.

त्यानंतर भातात वाळू आली नाही. पण घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या. डब्यातला गूळ, भाजलेले शेंगदाणे, खोबरेल तेलाची बाटली. हौसाने नवीन आणलेली लाल रिबीन रोशनीने एकदाही लावली नाही, पण ती घरातही कुठे दिसत नव्हती. रविवार आला की पोरगी सकाळीच निघायची. जादा तास आहे म्हणायची.

दसऱ्याच्या आधी पाड्यावरचा वाल्मिक मुरबाडच्या बाजारातून आला तो थेट भगीरथकडे. "तुझी पोर मुरबाडच्या स्टँडवर दिसली रे. एकटीच. हातात पिशवी व्हती."

भगीरथने शाळेत जाऊन विचारलं. रविवारी कसला तास, गुरुजी म्हणाले. घरी येऊन त्याने रोशनीला समोर उभी केली.

"कुणाकडं जातेस?"

रोशनी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली.

"उद्याच उंबरमाळीला मामाकडं टाकून येतो हिला. वयात येणारी पोर, उद्या काय करून बसली तर?"

तेव्हा मात्र रोशनी घाबरली. "एवढा एक रविवार जाऊ दे, बा. मग ने."

भगीरथने काठी घेतली. हौसाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "रविवारपर्यंत थांबा. मी बघते."

रविवारी हौसा डोक्यावरून पदर घेऊन एस.टी.त मागे बसली. रोशनी पुढे होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. एस.टी. सरळगाव सोडून पुढे निघाली. पोरगा कोण असेल, त्याच्याशी काय बोलायचं, हे हौसा मनात जुळवत होती. ओरडायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

मुरबाडला उतरल्यावर रोशनीने मागे वळून पाहिलं.

"माझ्या मागं आलीस?"

"व्हय."

"मारशील?"

"नाय. कुणाला भेटतेस तेवढं सांग. तुझ्या बाला मी समजावीन."

रोशनीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "सांगत नाय. दाखवते. चल."

दोघी गावाबाहेरच्या रस्त्याला लागल्या. रोशनी पुढे, हौसा चार पावलं मागे. रस्ता संपला तिथे तारेचं कुंपण आणि बैठी लांब इमारत होती. फाटकावर पाटी होती, पण हौसाला ती वाचता आली नाही. आत हौदावर एकसारख्या झग्यांतल्या बऱ्याच पोरी कपडे धूत होत्या.

फाटक उघडणाऱ्या बाईने रोशनीला पाहून हसून मान हलवली. "आलीस गो बाय? सकाळधरनं हितंच उभी व्हती ती. आत्ता कुठं पाणी प्यायला धाडली."

तेवढ्यात सात-एक वर्षांची एक पोर धावत आली आणि रोशनीच्या कमरेला बिलगली. मग तिचं लक्ष मागच्या अनोळखी बाईकडे गेलं. ती चटकन रोशनीच्या पाठीमागे लपली.

हौसाने फाटकाचा गज धरला. ती तिथेच धुळीत खाली बसली.

"अंजू?" ती कसंबसं म्हणाली.

रोशनीने त्या पोरीला खांद्याला धरून पुढे आणलं.

"आय कशी दिसते इचारायचीस ना मला? बघ आता नीट. ही आपली आय."