पान एकशे बारा

"पान एकशे बारा काढून टाक," थोरले सर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सही करतो."

तोंडी परीक्षा सुरू होऊन दोन तास झाले होते. टेबलापलीकडे खातेप्रमुख थोरले सर आणि बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाई, अलीकडे ती एकटी. मधे तिचा सहा वर्षांचा प्रबंध. दोन हजार वर्षांपूर्वी एक सेना डोंगर ओलांडून पलीकडच्या राज्यावर चालून गेली, ती नेमकी कुठून गेली, एवढाच काय तो प्रश्न. सरांच्या मते वरच्या खिंडीतून. तिच्या मते नदीकाठच्या लांबच्या वाटेनं. आणि या खात्यात सरांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाठ्यपुस्तकातल्या नकाशावरचा बाणसुद्धा खिंडीतूनच जात होता.

त्याला कारणही तसंच होतं. पस्तीस वर्षांपूर्वी सर स्वतः ती खिंड चालून गेले होते, जुन्या ग्रंथात सांगितलेल्या बरोबर सात दिवसांत. बाकीचे विद्वान घरबसल्या वाद घालत होते तेव्हा सरांनी पाय झिजवले. त्या सात दिवसांवर त्यांचं नाव झालं, खुर्ची मिळाली. शाळेत असताना तिलाही त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

पान एकशे बारावर सरांच्या त्या मोहिमेतल्या खेचरवाल्याची जबानी होती. खेचरवाला तिचा मामा.

"घरच्याच माणसाची साक्ष," सर बाईंकडे वळून हसले. "उद्या आजीलाही विचारून येईल."

बाईही हसल्या, पण बेतानं. त्या सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी.

तिच्या नोकरीच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती, आणि पदवीशिवाय तो अर्ज म्हणजे रद्दी. एक पान तर होतं. काढलं असतं तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. मामाला तर लिहितावाचताही येत नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"एका खेचरवाल्याचं बोलणं तू माझ्या पस्तीस वर्षांपुढे ठेवतेस?" सरांचा आवाज चढला. "मी चाललोय त्या खिंडीतून!"

"तुम्ही चाललात, सर. खेचरं नाही चालली."

बाईंनी मान वर केली.

"तिसऱ्या दिवशी तुम्हीच ती परत फिरवलीत. ओझं घेऊन त्यांना कडा चढवेना. तुम्ही तिघं पाठपिशव्या घेऊन वर गेलात, आणि मामानं तंबू, धान्य, भांडी, सगळं नदीकाठानं वळसा घालून नेलं. सातव्या दिवशी तुम्ही पलीकडे उतरलात तेव्हा मामाचा स्वयंपाक तयार होता. तुम्ही पोटभर जेवलात, सर. तुमच्या पुस्तकात तेवढंच लिहायचं राहिलं." तिनं प्रबंध उघडून पान एकशे बारा त्यांच्यापुढे धरलं. "अख्ख्या सेनेचं सामान पाठपिशवीत मावत नाही."

सरांचे कान लाल झाले. हे खोटं आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते म्हणाले नाहीत.

"पान काढणार आहेस की नाही?"

"नाही."

"मग नापास."

"करा." तिनं टेबलावरचा परीक्षेच्या अहवालाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "फक्त कारणाचा रकाना रिकामा ठेवू नका. या पानात काय चुकलं, ते तुमच्या अक्षरात लिहून द्या."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. रकान्यात 'उमेदवाराने' एवढं लिहिलं. मग पेन तिथंच थबकलं. त्यांनी तो कागद आणि पेन, दोन्ही बाईंकडे सरकवलं.

"तुम्ही लिहा."

बाईंनी टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले.