टालोसच्या घोट्याचा खिळा

"कुणी विश्वास ठेवणार नाही, पण टालोसच्या घोट्यातला खिळा एकदा मीच बसवलाय," असं म्हातारा लोहार लायकॉन क्रीट बेटाच्या धक्क्यावर तीस वर्षं तिखटमीठ लावून सांगत आला होता. आज लोकांनी विश्वास ठेवला आणि हातोडा त्याच्याच हातात दिला.

दिवसातून तीनदा बेटाला फेरी घालणारा काशाचा महाकाय राखणदार टालोस धक्क्याशी थांबला होता. डोंगराएवढ्या त्या देहात शीर एकच, आणि तिचं तोंड बंद करणारा खिळाही एकच. तो सैल होऊन सोनेरी रस ठिबकत होता. घाव चुकला की रस वाहून जाणार, टालोस कायमचा थंड पडणार आणि चाच्यांना बेट मोकळं मिळणार.

"काका, घाव कुठून घालायचा?" एका कोळ्यानं विचारलं.

"कुठून म्हणजे? वरून," लायकॉन म्हणाला खरा, पण तो घोटा इतका देखणा घडवलेला होता, की जन्मभर नांगर ठोकलेला तो हातोडा नुसताच तळहातावर तोलत राहिला.

त्याची बायको मिर्तो शेजारी जाळं विणत होती. तीस वर्षांत या गोष्टीवर तिनं हूं की चूं केलं नव्हतं. "अहो, बेतानं," एवढंच ती म्हणाली.

त्यानं हातोडा उचलला. तोच वरून, घंटेच्या घुमाऱ्यासारखा, आजवर कुणीच न ऐकलेला आवाज आला.

"थांब, म्हाताऱ्या. तेव्हा तू उलट्या होडीखाली लपला होतास. खिळा मिर्तोनं बसवला. हातोडा तिला दे."