कंप्युटरातलं झुरळ

सेजलनं ती झुरळाची गोष्ट पोदेराला सांगायला नको होती, असं प्रभावतीचं म्हणणं. कंप्युटर दुरुस्त केला, बरं केलं. पण आत झुरळ मेलेलं होतं हे त्याला कशाला सांगायचं? पोदेर सायकलवरून पाव घेऊन सगळं पार्से गाव फिरतो. पावाबरोबर झुरळही घरोघर पोचलं.

"माझ्या घरात झुरळ!" प्रभावती पावाची पिशवी खुंटीला अडकवत म्हणाली. "चाळीस वर्षं हे घर झाडतेय मी. इथे मुंगी येते तीसुद्धा पाय पुसून."

"एकच होतं, मांय," सून म्हणाली. "आणि अगदी लहान."

"लहान म्हणे! मग त्याची आवय कुठे बसलीय? माझ्या डोक्यावर?"

सेजल हसली. तीन दिवस ती अशीच हसत होती. आमटीत मीठ दोनदा पडलं तरी हसली. कंप्युटरावरून जाता-येता हात फिरवायची, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. प्रभावतीला ते बघवत नव्हतं. एक डबा उघडून बंद केला, त्याचा केवढा तोरा!

तो डबा पुढच्या खोलीत जनेलाखाली, उजेडात असायचा. प्रभावतीचा मुलगा रुद्रेश त्यावर लोकांचे अर्ज भरून द्यायचा. गेल्या आठवड्यात त्याला काय झालं कोण जाणे. चालू व्हायचा, आतून गुरगुरायचा आणि दोन मिनिटांत आपोआप विझायचा. बाहेर सोप्यावर माणसं कागद घेऊन ताटकळत बसलेली.

"रुसलाय तो," रुद्रेश म्हणाला होता. "दसऱ्याला आईनं कोयता पुजला, आडोळी पुजली, माझ्या स्कूटरवरसुद्धा अक्षता टाकल्या. याला तेवढा मी हात लावू दिला नाही."

प्रभावती लगबगीनं आत गेली. चुलीवर दूध होतं.

रुद्रेश डबा म्हापशाला न्यायला निघाला, तेव्हा सेजल आडवी आली. "एकदा मी बघू?"

ती तीन महिने पेडण्याला गोकुळदासाच्या दुकानात कंप्युटर दुरुस्ती शिकायला जात होती. तिथे मोडके डबे उघडायची, पुन्हा लावायची. कुणाच्या वापरातला डबा तिच्या हाताखाली कधी आला नव्हता.

"बिघडला तर?" रुद्रेशनं विचारलं.

"बिघडलेलाच आहे ना?"

तिनं जमिनीवर चादर पसरली. स्क्रू हरवू नयेत म्हणून एकेक काढून करवंटीत टाकला. प्रभावती दारातून बघत होती. झाकण निघालं तशी ती आत निघून गेली आणि आडोळीवर नारळ खवायला बसली. घरात दोन नारळ खवलेले होते, तरी.

"पंखाच फिरत नाही!" बाहेरून सेजलचा आवाज आला. "म्हणून तापून बंद पडतोय. पात्यात काहीतरी अडकलंय."

भुवया काढायच्या चिमट्यानं तिनं ते काढलं. रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली. झाकण लावलं, बटण दाबलं. दोन मिनिटं गेली. दहा गेली. अर्ध्या तासानं सोप्यावरच्या पहिल्या माणसाचा अर्ज छापून बाहेर आला, तेव्हा सेजलच्या डोळ्यांत पाणी होतं. रुद्रेश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बायकोनं केला!"

मग त्यानं विचारलं, "काय होतं गे आत?"

सेजलनं मूठ मिटली. स्वयंपाकघरात आडोळीचा आवाज थांबला होता.

"झुरळ," ती म्हणाली.

"शी! टाक जा बाहेर."

आणि ती अंगणात गेली.

ही बातमी पेडण्याला पोचायला एक दिवस लागला. गोकुळदासाचा फोन आला. दुकानात एक जागा रिकामी आहे, सोमवारपासून ये, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. रुद्रेशनं ते आईवर टाकलं. आईनं "बघते" म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात पोदेर झुरळ घेऊन गावभर गेला.

आता रविवार उजाडला होता.

"जी सून सासूच्या घराची अब्रू पोदेराच्या टोपलीत घालते," प्रभावती दुपारी जेवताना म्हणाली, "तिला मी पेडण्याला पाठवू? तिथे तर रोज शंभर माणसं येणार. शंभर ठिकाणी माझं झुरळ!"

"आई, तो विषय सोड ना आता," रुद्रेश म्हणाला.

"तू भात खा."

आज सेजल हसली नाही. खाली मान घालून तिनं ताटं उचलली आणि करवंटीतला उरलेला एक स्क्रू जपून कपाटात ठेवला. तो कुठला होता ते तिला अजून कळलं नव्हतं.

संध्याकाळी प्रभावती तुळशीत दिवा लावायला गेली. तीन दिवस हे काम सेजल आपणहून करत होती. आज ती आतच बसून होती, म्हणून प्रभावतीला जावं लागलं. तिनं दिवा ठेवला, हात जोडले, खाली वाकली. आणि तुळशीच्या मुळाशी बघत बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"कंबर धरली का?" रुद्रेशनं सोप्यावरून विचारलं.

"गप रे."

ती आत आली. सेजल कंप्युटरासमोर खुर्चीत बसली होती, चालू न करता. रुद्रेश मागोमाग येऊन दारात थांबला. दोघंही प्रभावतीच्या तोंडाकडे बघू लागली. गोकुळदासाला आजच कळवायचं होतं.

प्रभावतीनं मेजावर मूठ उघडली. धुळीच्या करड्या कापसात गुरफटलेले कुंकवाचे पाच तांदूळ.

"उद्यापासून दुकानात जा," ती सुनेला म्हणाली. "आणि माझ्या अक्षतांना परत झुरळ म्हटलंस तर बघ!"