अब्बांचं कलम

यूनुसभाईंच्या आंब्यांवरचा जिवाणूचा काळा डाग आता बांध ओलांडून आपल्या बागेत शिरणार, म्हणून त्यांच्या धाकट्या भावाचं, नोमानचं, डोकं फिरलं. कळंबोलीहून पाजवून आणलेला कोयता घेऊन तो त्यांच्या बागेत घुसला आणि रोगट फांद्या सपासप पाडत सुटला. शेवटच्या झाडाला पाठ लावून यूनुसभाई उभे राहिले.

"हे कलम अब्बांनी लावलंय. आधी मला तोड."

नोमाननं वार केलाच. खांद्यात रुतलेला कोयता उपसून तो मागं वळला, तेव्हा रक्तानं माखलेल्या हातानं यूनुसभाईंनी त्याची बाही धरली.

"हा कोयता असाच तुझ्या झाडांना लावू नकोस रे. पात्याला रोग लागलाय. आधी स्पिरिटनं पूस."