तिसऱ्या सिलिंडरचा दाब

“मार सेल्फ,” मिस्त्री बॉनेटखालून म्हणाले.

त्यांच्या बायकोनं डावीकडच्या सीटवरून हात लांबवून किल्ली फिरवली. उजवीकडं बसायला जागाच उरली नव्हती. ट्रकनं ते दार पार स्टिअरिंगपर्यंत आत ढकललं होतं. इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. पाच-सहा वेळा घरघर झाल्यावर तिनं न सांगताच किल्ली सोडली; गॅरेजात त्यांच्या हाताखाली तिची वर्षं गेली होती.

“दीडशे,” मिस्त्री म्हणाले आणि दाब मोजायचं गेज काढून दुसऱ्या सिलिंडरला बसवू लागले.

“कशाला उकरून काढताय?” ती आतूनच म्हणाली. “इंजिन तपासून पोरगा परत येणार आहे का?”

“नाही येणार. पण लोकांची तोंडं तरी बंद होतील.”

ती तोंडं तीन आठवडे चालूच होती. पोरानं बापाच्या गॅरेजात दोन महिने खपून या जुन्या गाडीचं इंजिन सुटं करून नव्यानं बांधलं होतं. परगावी नोकरी लागली म्हणून हीच गाडी घेऊन तो निघाला. चढावर एका बसला ओलांडताना गाडीनं मध्येच दम सोडला आणि समोरून ट्रक आला. गाडी आचके देत होती, असं ट्रकवाल्यानं सांगितलं. तेव्हापासून नाक्यावर एकच चर्चा. पोरगा सोन्यासारखा होता हो, पण हात कच्चा.

दुसऱ्या सिलिंडरचा दाबही दीडशे भरला. तिसऱ्याला काटा साठावर थबकला. मिस्त्रींनी गेज काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा साठच.

“किती?” तिनं विचारलं.

“थांब जरा.”

त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं. पिस्टनच्या रिंगा सैल असत्या, तर ऑइलनं फट बुजून काटा वर चढला असता. तो जेमतेम हलला. म्हणजे रिंगा ठीक होत्या. दाब वरून, व्हॉल्व्हमधून पळत होता.

त्यांनी वरचं झाकण उघडलं. व्हॉल्व्ह दाबून उघडणारा टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट लागते. बाकी सगळीकडं मापाची पात अलगद सरकली. तिसऱ्याला ती शिरेचना. टॅपेटचा स्क्रू इतका आवळलेला होता, की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता.

मिस्त्रींनी पात बाजूला ठेवली. चार दिवस कामाला आलेला माणूसही अशी चूक करत नाही. ‘एकदा नजर टाकू का?’ असं त्यांनी पोराला विचारलं होतं. ‘बाबा, आता तरी विश्वास ठेवा,’ म्हणून तो हसला होता. त्यांनी ठेवला होता.

म्हणजे नाक्यावरचे लोक खरं बोलत होते.

ती गाडीतून उतरून शेजारी येऊन उभी राहिली होती. मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते. पोर गेलं ते गेलं; निदान त्याच्या आईच्या मनात तरी त्याचा हात कच्चा ठरू द्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

“सापडलं?”

“सापडलं.” त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. “तिसऱ्याचा टॅपेट जास्त आवळलाय. तो मी लावला होता. पोराचं काम चोख होतं गं. चूक माझी आहे. उद्या नाक्यावर जाऊन चारचौघांत सांगणार आहे.”

तिनं वाकून तो स्क्रू पाहिला.

“तुम्ही नाही आवळला,” ती म्हणाली.

“अगं, माझ्याच हातानं...”

“नाही. आणि त्यानंही नाही.” तिनं मडगार्डाचा आधार घेतला. “निघताना गाडी थरथरत होती. मला वाटलं, थांबेल. उघडून बघेल. एक दिवस तरी घरी राहील. तर म्हणाला, ‘नवं इंजिन आहे आई, रुळेल वाटेत.’ मला बोलायला तोंडच उघडेना.”

मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“त्या दिवशी तुम्ही सकाळीच बाहेर गेलात,” ती म्हणाली, “आणि तो अंघोळीला गेला. तेव्हा मी आवळला.”