दाढीचं मशीन

मशीन गालावरून वर सरकलं आणि म्हाताऱ्याचा डावा हात उठला. ठोसा थेट मुलाच्या ओठांवर बसला. मशीन फरशीवर आपटलं, त्याचं डोकं निखळून कोपऱ्यात गेलं आणि घरघर थांबली.

"दाढी करतोयस की पिसं उपटतोयस?"

मुलाने बाहीला रक्त पुसलं. "नवीन आहे, बाबा. ओढतं थोडं. होईल सवय."

अंगावरून वारं गेल्यापासून म्हाताऱ्याची उजवी बाजू लुळी पडली होती. डावी होती तशीच होती. आयुष्यभर ट्रक हाकलेली, आणि घरी आली की पट्टा सोडणारी. जीभही जड झाली होती, पण शिव्या स्वच्छ यायच्या.

"वस्तरा आण. इतके दिवस करत होतासच की. आता काय धाड भरली?"

"वस्तरा नको. हात थरथरतो."

"तुझा? पुलाला लोंबकळून वेल्डिंग करतोस, तेव्हा नाही थरथरत?"

"तुमच्या गळ्याशी आला की थरथरतो."

म्हाताऱ्याला कळायला एक क्षण लागला. मग तो खदाखदा हसला. लाळ हनुवटीवरून ओघळली.

"नेभळटा! माझी गाडी दारात थांबली की चड्डीत मुतायचास तू. तिकडे तुझी आई दात वेचायची, आणि तू–"

मुलगा उठला. फळीवरचा वस्तरा त्याने उघडला. साबण नाही, पाणी नाही. पलंगावर चढून त्याने म्हाताऱ्याच्या डाव्या मनगटावर गुडघा रोवला, मुठीत केस धरून डोकं मागे ओढलं आणि पातं कानाखाली टेकवलं. कातडीवर लाल रेघ उमटली. ती गळ्याच्या सुरकुतीतून खाली उतरली.

"ओढ ना," म्हातारा म्हणाला. आवाज मात्र फाटला होता.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आई दारात आली. हात ओले होते. तिने पातं पाहिलं, रक्त पाहिलं. आता ती किंचाळेल, धावत येऊन आपला हात धरेल, म्हणून मुलगा तसाच थांबला.

आई आली. वाकली. चादरीचं टोक गादीखालून सोडवलं.

"जरा उचल त्यांना," ती म्हणाली. "ही आजच घातलीय. रक्ताचे डाग निघत नाहीत. घासून घासून बोटं सोलतात."

कुणी हललं नाही, तेव्हा तिनेच हिसका मारून चादर खेचली. म्हातारा गदकन कलंडला. मुलाने दचकून पातं वर उचललं.

"अगं," म्हातारा पुटपुटला. इतक्या वर्षांत या सुरात त्याने तिला हाक मारली नव्हती. "अगं, त्याला सांग की काहीतरी."

"मी सांगून या घरात कधी कुणी थांबलंय?"

मुलाने आईकडे पाहिलं. मग हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिलं. तो पलंगावरून खाली उतरला आणि त्याने वस्तरा मिटला.

आई मात्र चादर छातीशी धरून, वस्तऱ्यावर नजर ठेवून तशीच उभी होती, वाट पाहत.